दोनशे चेंडूंत पन्नास? मग बोलरचा रकाना बघा

प्रश्न असा आहे: ‘कसोटीत दोनशे चेंडू खाऊन पन्नास करणारा फलंदाज संघाच्या नेमका काय कामाचा? शेवटी मॅच ड्रॉच होणार असेल तर असल्या रटाळ बॅटिंगचं एवढं कौतुक कशाला?’

तुमचा वैताग मला कळतो. आमच्या घरी माझा पुतण्या हेच म्हणतो, फक्त ‘रटाळ’पेक्षा वाईट शब्द वापरतो.

आधी एक सांगतो, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मी स्वतः खेळलो ते गल्लीतलंच. पण आझाद मैदानावर एका क्लबच्या तंबूत बसून वीसेक वर्षं स्कोअरबुक लिहिलं. त्या डगमगत्या टेबलावरून खेळ जरा निराळा दिसतो. प्रत्येक चेंडूला काहीतरी लिहावंच लागतं. धाव नाही झाली की ठिपका. षटकात सहाच्या सहा ठिपके पडले की ते रेघांनी जोडून त्याचा ‘एम’ करायचा, म्हणजे मेडन. आणि हा ठिपका एकदा नाही, दोनदा काढायचा असतो: एकदा फलंदाजाच्या ओळीत, एकदा बोलरच्या. टीव्हीवर तुम्हाला बहुतेक वेळा पहिलाच दिसतो, म्हणून तुम्ही वैतागता. माझं म्हणणं एवढंच आहे की दुसरा बघा.

सिडनी, जानेवारी २०२१ घेऊ, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मालिकेतली तिसरी कसोटी. त्या आधीच्या महिन्यात ॲडलेडला आपण ३६ धावांत गारद झालो होतो. मग कोहली घरी परतला, रहाणेनं मेलबर्नला शतक ठोकून मालिका १-१ केली, आणि तिसऱ्या कसोटीत आपल्यासमोर ४०७ धावांचं आव्हान आलं. पाचव्या दिवशी सकाळी रहाणे ४ धावा करून परतला तेव्हा ३ बाद १०२. जडेजाचा अंगठा निखळलेला. पंतला पहिल्या डावात कोपराला लागलेलं.

पंतनं ११८ चेंडूंत ९७ काढले. ते सगळ्यांना आठवतात आणि आठवायलाच हवेत. दुसऱ्या टोकाला पुजारा २०५ चेंडू उभा राहून ७७ करत होता, तेही पुष्कळांना आठवतं. पण दोघेही गेले, ५ बाद २७२ झाले आणि खरी गंमत तिथून पुढे सुरू झाली. हनुमा विहारीची मांडी एक चोरटी धाव घेताना भरलेली. समोर अश्विन, ज्याला त्या दिवशी सकाळी पाठ धरल्यामुळे सरळ उभंसुद्धा राहता येत नव्हतं. थोडक्यात, एकाला धावता येत नाही, दुसऱ्याला वाकता येत नाही. जडेजा पॅड बांधून बसलेला, एका हातानं खेळायच्या तयारीत.

मी त्या दिवशी सवयीनं वही उघडून टीव्हीसमोर बसलो होतो. चहानंतरची ती दोन पानं अजून माझ्याकडे आहेत. नुसते ठिपके. एखाद्या पानावर पावसाचे शिंतोडे उडावेत तसे. मध्येच एखादा ‘१’, की परत ठिपके. विहारी १६१ चेंडूंत नाबाद २३. अश्विन १२८ चेंडूंत नाबाद ३९. त्या दोघांनी मिळून चाळीसपेक्षा जास्त षटकं काढली आणि भर घातली ६२ धावांची. स्टार्क, कमिन्स, हेझलवूड यांचे आखूड चेंडू अश्विनच्या छातीवर, खांद्यावर, बरगड्यांवर बसत होते आणि तो दर वेळी दोन पावलं लेग साइडला जाऊन परत गार्ड घ्यायचा. त्यांचा कर्णधार टिम पेन यष्ट्यांमागून त्याला ‘गाबाला या, मग बघतो’ (गाबा म्हणजे ब्रिस्बेनचं मैदान, पुढची कसोटी तिथेच होती) अशा अर्थाचं काहीबाही बोलत राहिला आणि नंतर त्यानंच विहारीचा झेल सोडला. मी तेव्हा वहीत समासात एक छोटं हसरं तोंड काढलंय. स्कोअररनं असं करू नये, पण ती मॅच माझ्या घरातली होती.

यातला एक किस्सा अश्विननं पुढे स्वतःच सांगितला. ड्रेसिंग रूममधून निरोप घेऊन शार्दुल ठाकूर मैदानात धावत आला. आल्यावर म्हणाला काय, तर आत बरंच काय काय सांगितलंय, पण मी त्यातलं काही सांगणार नाही. तुमचं चाललंय ते बरं चाललंय, तसंच खेळत राहा. पालघरहून लोकलचे धक्के खात प्रॅक्टिसला येणाऱ्या पोराला कुठला निरोप पोचवायचा नाही हे बरोबर कळतं.

मॅच ड्रॉ झाली. भारत ५ बाद ३३४. तुमच्या भाषेत ‘निकाल काही नाही’.

आता वहीचं पान उलटा आणि बोलरचा रकाना बघा. १३१ षटकं. लायन ४६. कमिन्स २६. हेझलवूड २६. स्टार्क २२, आणि त्याला एकही बळी नाही. सिडनी संपली ११ जानेवारीला, ब्रिस्बेनची कसोटी सुरू झाली १५ तारखेला. मध्ये मोकळे दिवस तीन, त्यात प्रवास. ऑस्ट्रेलियाचे हे चारही बोलर मालिकेतल्या चारही कसोट्या खेळले, कोणालाही विश्रांती नाही. आपल्याकडे उलट परिस्थिती होती, एकेक करून सगळे जायबंदी झाले म्हणून गाबाला बोलिंग करायला जवळजवळ नवीच पोरं होती.

गाबाला जिंकायला ३२८ हव्या होत्या, त्यातल्या ३२४ शेवटच्या दिवशी. रोहित लवकर गेला. गिल एका टोकानं सुटला, ९१ केले. पुजारा दुसऱ्या टोकाला मार खात उभा. मी ‘मार खात’ अलंकारिक अर्थानं म्हणत नाही. दहा-अकरा चेंडू त्याच्या अंगावर बसले. हेल्मेटवर, मानेजवळ, बरगडीवर; बोटावर असा एक बसला की बॅट टाकून तो खाली आडवाच झाला. लोकांना वाटलं याला आखूड चेंडू खेळता येत नाही. पण जरा बारकाईनं बघा, तो करत काय होता? एका टोकाकडून चेंडू अचानक उसळत होता. अशा चेंडूला हात वर नेले की ग्लव्हला लागून शॉर्ट लेगला झेल जाणार. म्हणून त्यानं हात खालीच ठेवले आणि चेंडू अंगावर घेतला. लागेल ते लागेल, बाद तर होणार नाही. हा हिशेब होता, हौस नव्हती. अर्धशतकाला १९६ चेंडू लागले, त्याच्या कसोटी कारकिर्दीतलं तोवरचं सगळ्यात संथ.

नवा चेंडू घेतल्या घेतल्या कमिन्सनं त्याला पायचीत केलं. २११ चेंडूंत ५६. ४ बाद २२८. शंभर धावा आणि वीसेक षटकं शिल्लक. समोर पंत.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पंतचे नाबाद ८९, ३ गडी राखून विजय. १९८८ नंतर ऑस्ट्रेलिया गाबाला पहिल्यांदाच हरला. पण त्या डावातला स्टार्कचा आकडा बघा: १६ षटकं, ७५ धावा, बळी शून्य. डावखुरा, उंच, नवा चेंडू हातात, आणि तरी चेंडू पायावर नाहीतर हाफ व्हॉली. मांडी दुखत होती त्याची. ती मांडी एका दिवसात दुखायला लागली नाही. विहारी आणि अश्विनच्या ठिपक्यांपैकी काही त्या मांडीत जाऊन बसले होते. हे माझं मत आहे, सिद्ध करता येणार नाही. पण वीस वर्षं बोलरचा रकाना लिहिल्यावर माणूस इतपत बोलू शकतो.

मैदानावर हे मी जवळून पाहिलंय. दोन दिवसांची क्लब मॅच होती. आमच्याकडे एक ओपनर होता, त्याला आम्ही सगळे ‘खांब’ म्हणायचो. दिसायला काही नाही, बॅकलिफ्ट तर चमचाभर. समोर एक चांगला तेज बोलर होता, त्याचं पुढं काहीतरी होणार असं सगळेच म्हणायचे. खांबानं पहिल्या दिवशी जेवणापर्यंत सतरा की अठरा धावा केल्या. आमचीच पोरं तंबूतून ‘अरे मार की’ म्हणून ओरडत होती. चहाच्या वेळेला तो बोलर आमच्या टेबलाजवळच येऊन बसला, त्यानं बूट काढला, मोजा काढला. अंगठ्याचं नख काळं पडलेलं आणि मोज्याचं टोक लाल. कोणाशी बोलला नाही. मोजा पिळून, उन्हात खुर्चीच्या पाठीवर टाकला. दुसऱ्या दिवशी त्याचा रनअप दोन-तीन पावलांनी आखूड झालेला आणि चेंडू अर्ध्यातूनच बसत होता. आमच्या सहाव्या नंबरच्या पोरानं त्याला धू धू धुतला. सत्कार अर्थात त्याचाच झाला.

मुंबईत याला ‘खडूस’ म्हणतात. बाहेरचे लोक तो शब्द शिवीसारखा वापरतात, इथे तो शेलका मान आहे. कांगा लीगमध्ये भर पावसाळ्यात ओल्या विकेटवर, पोटरीएवढ्या गवतात जे खेळले त्यांना मोठा फटका मारून उपयोग नाही हे आपोआप कळायचं, कारण चेंडू सीमेपर्यंत जायचाच नाही. मडगावचा आणि पुढे मुंबईचा झालेला दिलीप सरदेसाई १९७१ मध्ये किंग्स्टनला उतरला तेव्हा काही वेळातच ५ बाद ७५ झाले होते. त्यानं एकनाथ सोलकरला घेऊन डाव उभा केला, स्वतः २१२ केले. ती कसोटी ड्रॉच झाली. पुढची पोर्ट ऑफ स्पेनची आपण जिंकलो आणि वेस्ट इंडिजमध्ये पहिल्यांदा मालिकाही. ड्रॉच्या पाठोपाठ विजय, हा क्रम मला वारंवार दिसतो.

अगदी अलीकडचंच बघा. जुलै २०२५, इंग्लंडविरुद्ध मँचेस्टर. दुसऱ्या डावात पहिल्याच षटकात शून्यावर दोन बाद, आणि ३११ धावांची पिछाडी. राहुलनं २३० चेंडूंत ९०, गिलनं शतक, मग जडेजा आणि वॉशिंग्टन सुंदर दोघांची नाबाद शतकं. १४३ षटकं. त्यांचा कर्णधार स्टोक्स मॅच ड्रॉ मानून लवकर हात मिळवायला पुढे आला तर या दोघांनी मिळवला नाही, त्यावरून केवढा कल्ला झाला. पुन्हा मध्ये तीनच दिवस, आणि ओव्हलला इंग्लंडच्या संघात चार बदल! खांदा दुखावल्यामुळे स्टोक्स बाहेर, आर्चर आणि कार्स बाहेर. आपण ६ धावांनी जिंकलो, मालिका २-२. सहा धावा! मँचेस्टरला आणखी पन्नास षटकं आधी गुंडाळलो गेलो असतो तर ते बोलर ओव्हलला उतरले असते की नाही, याचा विचार करा.

आता तुमच्या बाजूचंही बोलतो, कारण तुम्ही अगदीच चुकीचं विचारलेलं नाही. सगळेच ठिपके सारखे नसतात. त्याच सिडनी कसोटीच्या पहिल्या डावात पुजारानं ५० धावांना १७६ चेंडू घेतले, आणि त्यामुळे जोडीदारांवर दडपण येतं असं ऑस्ट्रेलियाचा माजी कर्णधार पाँटिंग उघडपणे म्हणाला. आपण २४४ मध्ये आटोपलो, ९४ नी मागे पडलो. पाँटिंगचं मला तेव्हा पटलं होतं, आजही अर्धं पटतं. पहिल्या डावात, सामना उघडा असताना, वाईट चेंडूसुद्धा सोडत बसणं म्हणजे समोरच्याला फुकट विश्रांती देणं.

आणि कधीकधी सगळं बरोबर करूनही जमत नाही. २०१५ ची दिल्ली कसोटी मी लिहिली होती. दक्षिण आफ्रिकेला वाचायचं होतं. आमला २४४ चेंडूंत २५. डिव्हिलियर्स, जो एरवी मैदानाच्या कुठल्याही कोपऱ्यात चेंडू फेकून देतो, तो २९७ चेंडूंत ४३. अख्खा डाव १४३.१ षटकांत १४३ धावा. एवढं करून हरलेच, कारण नागपूरकडच्या आपल्या उमेश यादवनं जुना चेंडू असा काही वळवला की त्याचा आकडा २१ षटकं, १६ मेडन, ९ धावा, ३ बळी. उरलेलं काम अश्विन-जडेजानं केलं. त्या पानांवर इतके ‘एम’ आहेत की माझा हात दुखला होता. पण ते वाईट खेळले असं मी म्हणणार नाही.

तसंच लॉर्ड्स, मँचेस्टरच्या आधीची कसोटी. १९३ हव्या होत्या. जडेजा एका टोकाला १८१ चेंडूंत नाबाद ६१. बुमरा, अकराव्या नंबरला शोभेल असा बॅट्समन, ५४ चेंडू खेळला, ५ धावा केल्या. मग सिराज. पुतण्या शेजारी बसून ‘जडेजानं आता मारायला पाहिजे’ म्हणत होता, त्यावर आमचं भांडणही झालं. मी म्हटलं, थांब, प्रत्येक ठिपक्यानं यांची बोटं घसरतायत. सिराजनं २९ चेंडू खेळून काढले होते. तिसावा त्यांच्या फिरकीपटू बशीरनं टाकला. सिराजनं बॅटच्या मधोमध घेतला, अगदी पुस्तकात असतो तसा बचाव. मी बशीरच्या रकान्यात ठिपका काढूनसुद्धा झाला होता, पुतण्यानं हात धरला. वर बघितलं तर चेंडू मागे लोळत लोळत लेग स्टंपपाशी चाललेला, आणि एक बेल खाली. १७० सर्वबाद, २२ नी हार.

तो ठिपका मी खोडला नाही. त्याच्यावरच विकेटची खूण केली, आतून अजून दिसतो.