बोरगुंडचे लाकडी चर्च आठशे वर्षे कसे टिकले?

प्रश्न : नॉर्वेतील बोरगुंडच्या लाकडी चर्चचे छायाचित्र पाहण्यात आले. पावसाच्या आणि बर्फाच्या त्या मुलखात लाकडी इमारत इतकी शतके कशी टिकली? आणि अशी चर्चे आता मोजकीच का उरली आहेत?

उत्तर : बोरगुंड हे पश्चिम नॉर्वेतील लेर्डाल खोऱ्यातले खेडे आहे. तिथल्या चर्चच्या लाकडातील वर्षवलये तपासली असता त्याची काही पाइनची झाडे ११८०-८१ च्या हिवाळ्यात तोडल्याचे दिसून आले. छायाचित्रांत छपरावरच्या ड्रॅगनच्या मुंड्याच अधिक भाव खातात, पण इमारत तगली ती जोत्यामुळे. त्याआधीच्या चर्चांचे खांब थेट जमिनीत पुरत, त्यामुळे ओल लागून त्यांचे बुंधे कुजत. इथे मात्र दगडी जोत्यावर आधी जाड आडव्या तुळयांची चौकट बसवून खांब तिच्यावर उभे केले आणि भिंतींच्या उभ्या फळ्या तुळयांच्या खाचेत घट्ट बसवल्या, म्हणजे लाकडाचा मातीशी संबंधच येऊ दिला नाही. भोवतीच्या पडवीवजा सोप्यामुळे पावसाचा मारा भिंतींपर्यंत फारसा पोहोचत नाही, आणि बाहेरच्या लाकडाला पाइनपासून काढलेल्या डांबराचे हात वेळोवेळी द्यावे लागतात. हे काम कधी संपत नाही.

मध्ययुगात अशी चर्चे शेकड्यांनी होती. आज नॉर्वेत २८ उरली आहेत. १३४९ च्या प्लेगने खेडी ओस पडली तेव्हा त्यांतली बरीच वाऱ्यावर पडली, पण एकोणिसाव्या शतकातले नुकसान माणसांनी जाणूनबुजून केले, आणि मला तेच अधिक खटकते. पॅरिशमधील, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत येणाऱ्या वस्तीतील, किमान तीन दशांश लोकांना बसता येईल एवढे चर्च असलेच पाहिजे, असा कायदा १८५१ मध्ये झाला आणि अंधारी, आटोपशीर जुनी चर्चे एकामागून एक पाडली गेली. त्याआधीही जुन्या चर्चांवर गदा येतच होती. वांग येथील चर्च १८४१ मध्ये लिलावात निघाले, तेव्हा चित्रकार योहान क्रिस्टियान डाल यांनी ते घेतले आणि प्रशियाच्या राजाच्या आश्रयाने त्याचे सुटे भाग परदेशी गेले; ते आज पोलंडमधील कार्पाच येथे उभे आहे.

बोरगुंडच्या गावकऱ्यांनी १८६८ मध्ये जुन्या चर्चच्या शेजारीच मोठे नवे चर्च बांधले आणि जुने पाडले नाही. प्राचीन वास्तूंच्या जतनासाठी स्थापन झालेल्या नॉर्वेजियन संस्थेने ते १८७७ मध्ये विकत घेतले. तेव्हापासून ते संग्रहालय म्हणून राखले आहे.