कॅमेरे बंद असलेल्या पोरांना शिकवायचं कसं?

प्रश्न : ताई, मी इंदूरला कॉलेजात अतिथी विद्वान, म्हणजे मानधनावरची प्राध्यापिका आहे, अर्थशास्त्र शिकवते. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये कसंबसं निभावलं, आता कॉलेजनं शनिवारचे तास ऑनलाईन केलेत. 60 मुलं, सगळ्यांचे कॅमेरे बंद, मी पाऊण तास बोलत राहते आणि शेवटी "समजलं का?" विचारलं की चॅटमध्ये दोन "यस मॅम" येतात. माऊसनं डिमांडचा कर्व्ह, म्हणजे भाव वाढला की मागणी कशी घटते ती रेघ, काढते तर तो वाकडातिकडा येतो. 14 वर्षं शिकवतेय पण इथे मी कच्ची आहे. कुठला कोर्स करू?
— एक वाचक, रामबाग

उत्तर : आधी तो कच्ची शब्द मनातून काढा बघू. लॉकडाऊनमध्ये आपण सगळ्यांनी केलं ते ऑनलाईन शिक्षण नव्हतंच, अमेरिकेतल्या अभ्यासकांनी मार्च 2020 मध्येच त्याला 'इमर्जन्सी रिमोट टीचिंग' म्हटलं होतं, म्हणजे वेळ मारून नेणं, तर त्यावरून स्वतःला नापास करू नका. नंतर 2021 मध्ये 58 देशांतल्या 739 प्राध्यापकांचा एक अभ्यास आला, त्यात तयारी मोजताना फक्त कॉम्प्युटर येतो का एवढंच नाही बघितलं, विषय तंत्रज्ञान वापरून शिकवता येईल हा विश्वास, ऑनलाईन तासात शिक्षक 'आहे' असं जाणवणं आणि संस्थेचा पाठिंबा, हे सगळं धरलं. तुम्ही सगळा दोष स्वतःकडेच घेताय.

कोर्स करायचा तर आपल्या देवी अहिल्या विद्यापीठातच मालवीय मिशनचं, म्हणजे कॉलेजच्या शिक्षकांसाठीचं, ट्रेनिंग सेंटर आहे, चौकशी करा. पण येत्या शनिवारी माऊस सोडा. डाळीचे दोन उंच डबे, त्यावर आडवी फूटपट्टी, तिच्यावर मोबाईल, स्क्रीन वर आणि मागचा कॅमेरा पट्टीबाहेर, खाली ठेवलेल्या कोऱ्या कागदावर रोखलेला, आणि जाड स्केचपेननं हातानं कर्व्ह काढा. मुलांना तुमचा हात दिसतो, तुम्ही कुठे थांबलात, कुठे खोडलंत ते दिसतं, वर्गातल्या फळ्यासारखंच.

आणि "समजलं का" विचारूच नका हो, त्याला हो शिवाय काय उत्तर येणार! शुक्रवारी सांगून ठेवा, आपापल्या भाजीवाल्याला कांद्याचा भाव विचारून या, चोइथराम मंडीचा कोणी आणेल, कोणी देपालपूरकडचा आणेल. तासाला सगळ्यांनी चॅटमध्ये टाकायचा, हिंदीत लिहिला तरी चालेल, मग भाव 10 रुपयांनी वाढला तर तुमच्या घरी किती कमी घेतील ते विचारा आणि त्याच आकड्यांवर कर्व्ह काढा. सलग 10-12 मिनिटांपेक्षा जास्त बोलू नका. कॅमेऱ्याची सक्ती नको, एकाच खोलीत चार जणं राहणाऱ्या पोराला ती नकोशी होते, डेटाही जातो.

या सगळ्या तयारीला वेळ लागतो, तो तुमच्या मानधनात कोणी धरत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. रायटिंग टॅब्लेट, चांगलं नेट आणि तयारीचा एक तास, एवढं कॉलेजकडे लेखी मागा, पण एकट्या जाऊ नका, विभागातल्या दोघातिघांच्या सह्या घेऊनच जा.