शाकाहारी आहे, पहिल्यांदाच जपानला चाललोय. तिथल्या हॉटेलात जपानीतून ऑर्डर कशी द्यायची?

तुम्ही लिहिलंय की अंडं-दूध चालतं, मांस-मासे नाही, आणि हातात फक्त महिनाभर आहे. ऑर्डर द्यायला एक वाक्य पुरतं, ते तासाभरात पाठ होईल. माणूस अडतो तो दोन ठिकाणी: वेटर उलट काय विचारतोय ते कळत नाही, आणि ‘मी शाकाहारी आहे’ या वाक्याचा तिथे भलताच अर्थ निघतो. महिन्यातला जास्त वेळ या दोन गोष्टींना द्या.

आधी ते वाक्य. मेन्यूवर बोट ठेवून म्हणायचं: ‘कोरे ओ हितोत्सु कुदासाइ.’ कोरे म्हणजे हे, ‘ओ’ हा कर्माचा प्रत्यय, हितोत्सु एक, कुदासाइ द्या. आपण ‘चहा दोन, वडा एक’ म्हणतो तसाच आकडा वस्तूच्या मागून येतो, त्यामुळे मराठी माणसाला वाक्य उलटसुलट करावं लागत नाही. आकडे पाचपर्यंत पाठ करा: हितोत्सु, फुतात्सु, मित्त्सु, योत्त्सु, इत्सुत्सु. पुस्तकात पेल्यांसाठी वेगळे, बाटल्यांसाठी वेगळे आकडे सापडतील. ते सध्या सोडून द्या. या पाचांवर डिशपासून कॉफीपर्यंत सगळं मागता येतं. ‘इचि, नि, सान’ मात्र इथे वापरू नका, ते नुसते मोजायचे आकडे आहेत.

उच्चारांत आपल्याला फायदा आहे. ‘चूल’मधला चू ऱ्हस्व केला की ‘त्सु’ झाला. पाणी म्हणजे ‘मिझु’, त्यातला झु ‘जुना’मधल्या जु सारखा. वाक्याच्या शेवटी येणाऱ्या ‘देस्’ आणि ‘मास्’ यांच्या शेवटचा उ जवळजवळ गिळला जातो. ऱ्हस्व-दीर्घ मात्र काटेकोर पाळा: ‘बीरु’ म्हणजे बिअर, ‘बिरु’ म्हणजे इमारत. जोडाक्षरावर क्षणभर थांबायचं, नाहीतर ‘मित्त्सु’ समोरच्याला ओळखू येत नाही.

आत शिरताच ‘इराश्शाइमासे’ ऐकू येईल. ते स्वागत आहे, उत्तर द्यायची गरज नाही. पाठोपाठ ‘नान्मेइसामा देस् का’ म्हणजे किती जण. एकटे असाल तर ‘हितोरि देस्’, दोघं ‘फुतारि देस्’, तिघं ‘सान्निन’, चौघं ‘योनिन’. सोबत बोटंही दाखवा, तिथे ते रूढ आहे. पाणी किंवा चहा बहुतेक ठिकाणी फुकट मिळतो. नंतर वेटर आपणहून येईल म्हणून वाट पाहत बसू नका. टेबलावर बटण असेल तर दाबा, नसेल तर खणखणीत आवाजात ‘सुमिमासेन!’ (माफ करा) म्हणा. हे तिथे उद्धट नाही, उलट पुटपुटलात तर कुणी येणार नाही.

तो आला की विचारेल, ‘गोचूमोन वा ओकिमारि देस् का’, ठरलं का? सगळं सांगून झाल्यावर ‘इजोओ देस्’ म्हणजे एवढंच. हे न म्हटल्यास तो पेन हातात धरून उभा राहतो. मग तो पूर्ण ऑर्डर पुन्हा म्हणून दाखवतो. तेव्हा फक्त आकड्यांकडे कान द्या, फुतात्सुचं मित्त्सु झालेलं इथेच पकडता येतं. जेवणाच्या सेटबरोबर कॉफी असेल तर ती आधी की नंतर हे विचारतात, नंतर हवी तर ‘शोकुगो दे’. काहीच कळलं नाही तर ‘मोओ इचिदो ओनेगाइशिमास्’, पुन्हा एकदा सांगा. आणि ‘दाइजोओबु देस्’ हे शब्द जपून वापरा. शब्दशः अर्थ ‘ठीक आहे’ असला, तरी ‘आणखी काही हवं का?’ या प्रश्नाला दिलेलं ते उत्तर ‘नको’ असं धरलं जातं.

आता शाकाहाराचं. ‘बेजितारिआन देस्’ म्हटलंत तर बरेच जण मांसाचे तुकडे काढून देतील, पण रस्सा तोच राहील. कारण ‘दाशि’, म्हणजे रश्श्याचं मूळ पाणी. जपानी स्वयंपाकाचा हा पायाच, आणि तो बहुधा सुकवलेल्या बोनितो माशाच्या किसातून, म्हणजे कात्सुओबुशितून काढतात. मिसो सूप, सोबा नूडल्सबरोबरचा बुडवायचा रस्सा, शिजवलेल्या भाज्या, इनारी सुशीतलं तळलेलं तोफू, या सगळ्यांत तो असतो. दिसत नाही म्हणून वेटरलाही तो ‘मासा’ वाटत नाही. ‘निकु’ म्हणजे मांस म्हटल्यावर हॅम-बेकनचे बारीक तुकडे अनेकांच्या डोक्यातही येत नाहीत. भाज्यांच्या रामेनचं (रश्श्यातल्या नूडल्सचं) पाणी बहुतेक डुकराच्या हाडांचं किंवा कोंबडीचं असतं.

म्हणून विशेषण न वापरता पदार्थ सांगा: ‘निकु मो साकाना मो ताबेरारेमासेन’, मांसही खाता येत नाही आणि मासेही. दाशिही नको असेल तर पुढे ‘साकाना नो दाशि मो दामे देस्’. मग ‘तामागो तो ग्यूउन्यूउ वा दाइजोओबु देस्’, अंडं आणि दूध चालेल. ही तीन वाक्यं जपानी लिपीत फोनमध्ये साठवा आणि बसण्यापूर्वी, दारातच दाखवा. दाशि चालवून घ्यायची की नाही हे घरूनच ठरवून निघा. चालत नसेल तर साध्या हॉटेलांतला मोठा भाग बाद होतो, आणि हे भुकेल्या पोटी टेबलावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

एखाद्या पदार्थाविषयी विचारायचं तर सरळ प्रश्न करा: ‘निकु वा हाइत्ते इमास् का’, मांस आहे का? ‘नाही ना?’ असा नकारार्थी प्रश्न टाळा. जपानीत त्याला ‘हाइ’ (हो) असं उत्तर आलं तर अर्थ होतो ‘बरोबर, नाही’, आणि आपण नेमका उलटा घेतो. उत्तरादाखल वेटर ‘चोत्तो…’ (जरा…) म्हणून थांबला किंवा ‘मुझुकाशी’ (अवघड) म्हणाला, तर तो नकार आहे. तोंडावर नाही म्हणणं टाळतात, म्हणून आग्रह धरू नका. अ‍ॅलर्जी आहे असं खोटं सांगणं मला पटत नाही. एकाच भांड्यात, एकाच तेलात सगळं होत असल्याने जबाबदारी नको म्हणून वाढायलाच नकार मिळू शकतो.

काढून टाकता येणारी वस्तू असेल तर नावापुढे ‘नुकि दे’ जोडा. थंड तोफू, म्हणजे हियायाक्को, मागवताना ‘कात्सुओबुशि नुकि दे’. कांदा नको तर ‘तामानेगि नुकि दे’, लसूण नको तर ‘निन्निकु नुकि दे’. त्यातल्या त्यात भरवशाचं म्हणजे काकडीचं काप्पामाकि (सुशीची गुंडाळी), एदामामे (कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा) आणि साधा भात. भाज्यांचा तेम्पुरा (पिठात बुडवून तळलेल्या भाज्या) मिळतो, पण तेल बहुधा कोळंबी तळलेलंच. निर्धास्त जेवायचं तर बौद्ध मठांतलं शाकाहारी जेवण, शोओजिन र्योओरि, शोधा. त्यातली दाशि कोम्बु (समुद्री शेवाळ) आणि शिइताके अळंबीची, आणि परंपरेने कांदा-लसूणही वर्ज्य. वाकायामातल्या कोयासान इथे मठात राहून ते जेवता येतं.

रामेन आणि ग्यूदोनच्या (गोमांस-भाताच्या) बऱ्याच दुकानांत दाराशी तिकिटाचं यंत्र असतं. जुन्या यंत्रात आधी पैसे घालायचे, मग बटण दाबायचं. उलट केलं तर काहीच होत नाही. अनेक यंत्रं फक्त 1000 येनची नोट घेतात. 2021 चं नवं 500 येनचं नाणं आणि जुलै 2024 च्या नव्या नोटा काही जुन्या यंत्रांना अजून ओळखता येत नाहीत. तिकीट काउंटरवर ठेवलं की ऑर्डर पूर्ण. यंत्रापुढे साहित्याची चौकशी करायला वाव नसतो, म्हणून तुम्ही अशा जागा टाळलेल्या बऱ्या. इझाकायात, म्हणजे जपानी दारूच्या खानावळीत, बसताच न मागता छोटी डिश येते. ती ‘ओतोओशि’, माणशी साधारण 300 ते 500 येन बिलात लागतात, आणि तिच्यात मासा असण्याची शक्यता मोठी.

बिलासाठी ‘ओकाइकेइ ओनेगाइशिमास्’. टेबलावर चिठ्ठी ठेवलेली असेल तर तीच घेऊन गल्ल्यावर जायचं. वेगवेगळं द्यायचं तर ‘बेत्सुबेत्सु दे’. पैसे हातात न देता समोरच्या ट्रेमध्ये ठेवा. टिप नाही, ठेवलीत तर मागे धावत येऊन परत करतील. पार्सल हवं तर ‘मोचिकाएरि दे’ आधीच सांगा, कारण तिथे बसून खाण्यावर 10 टक्के कर आहे आणि नेण्यावर 8. निघताना ‘गोचिसोओसामा देशिता’ (जेवणाबद्दल आभार) म्हणा, आचाऱ्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या आवाजात.