वाचकांचे प्रश्न : स्पितीचं खोरं आणि ताबोच्या मातीच्या भिंती

प्रश्न : ताबोच्या मठाला ‘हिमालयातलं अजिंठा’ म्हणतात. हे फक्त पर्यटकांसाठी आहे की खरंच काही साम्य आहे? (छत्रपती संभाजीनगर)

साम्य आहे, पण लोक शोधतात तिथे नाही. अजिंठ्याची लेणी कातळ पोखरून केलेली आणि तिथली बहुतेक चित्रं पाचव्या शतकातली. ताबोचा बौद्ध मठ हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्यात, सपाट जागेवर मातीच्या विटांनी बांधलेला आणि अजिंठ्यापेक्षा सुमारे पाचशे वर्षांनी धाकटा. त्याच्या शैलीवर काश्मीरच्या कलेची दाट छाया आहे.

खरं साम्य रंगांच्या खाली आहे. अजिंठ्यात खडबडीत कातळावर माती, वनस्पतींचे धागे आणि भाताचा तूस मिसळून गिलावा दिला, तो वाळल्यावर वरून रंगवलं. ताबोतही रंग चढले ते मातीच्या वाळलेल्या गिलाव्यावरच. ओल्या चुन्यावर रंगवलं की रंग चुन्यातच मुरून बसतो. इथे तसं झालेलं नाही. रंग डिंक-सरसासारख्या चिकट द्रव्याच्या आधाराने वरच्या वर धरलेला आहे. भिंतीत ओल शिरली की चिकटपणा जातो आणि रंगाचे पोपडे सुटतात. म्हणून दोन्हीकडे पहिला शत्रू एकच : पाणी.

प्रश्न : मठ 996 साली बांधला असं सगळीकडे छापलेलं असतं. इतकं नेमकं साल कुठून आलं?

मुख्य मंदिरातल्या एका शिलालेखवजा मजकुरातून. ‘वजा’ अशासाठी, की तो दगडावर कोरलेला नाही, भिंतीवर शाईने लिहिलेला आहे. त्यात म्हटलंय की येशे-ओ याने वानर वर्षात हे मंदिर उभारलं आणि 46 वर्षांनी जांगचुब-ओ याने त्याचा जीर्णोद्धार केला. येशे-ओ हा पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्याच्या राजघराण्यातला राजा, पुढे भिक्षू झालेला. जांगचुब-ओ त्याच्या भावाचा नातू.

तिबेटी कालगणनेत वानर वर्ष दर 12 वर्षांनी येतं. म्हणजे 984, 996, 1008 अशी सालं समोर येतात. जांगचुब-ओच्या निमंत्रणावरून बंगालचे बौद्ध आचार्य अतिश 1042 मध्ये गुगेत आले. जीर्णोद्धार त्याच सुमाराचा धरला आणि 46 वजा केले, तर बरोबर 996 येतं आणि ते वानर वर्षही आहे. दोन्ही टोकं जुळतात, म्हणून अभ्यासकांनी हे साल मान्य केलं. जाता जाता एक दुरुस्ती : ताबोचं श्रेय सर्रास महान अनुवादक रिंचेन झांगपो यांना दिलं जातं, पण भिंतीवरचा हा लेख येशे-ओचं नाव घेतो. भिंत स्वतः सांगत असताना आपण तिचं ऐकावं.

प्रश्न : मातीची इमारत हजार वर्षं टिकते कशी? आमच्याकडे कोकणात मातीची भिंत दोन पावसाळे उघडी राहिली तर बसते. (चिपळूण)

स्पिती पर्जन्यछायेत आहे. मोसमी ढग पीर पंजाल आणि मुख्य हिमालय ओलांडता ओलांडता रिकामे होतात. पण कोरडी हवा हे अर्धंच उत्तर झालं. उरलेलं अर्धं बांधणीत आणि निगराणीत आहे.

भिंती जवळपास मीटरभर जाड. मुख्य मंदिराला बाजूच्या खिडक्या नाहीत, उजेड येतो तो छतातल्या झरोक्यातून. जितकी भोकं कमी, तितक्या पाणी शिरायच्या वाटा कमी. छत सपाट : खाली तुळया, त्यांवर आडव्या फांद्या, मग काटक्या-झुडपांचा थर आणि सर्वांत वर चिकणमाती तुडवून, धुमसून घट्ट केलेली. उतार नाममात्र.

अशा छताला माणूस लागतो. बर्फ पडला की तो वितळायच्या आत लाकडी फावड्याने लोटून द्यावा लागतो. दुपारच्या उन्हात वितळलेलं पाणी मातीत झिरपतं, रात्री गोठून फुगतं आणि भेग रुंदावते. दुसरी चूक उलट्या बाजूची. गळती दिसली की वर माती, पुढच्या वर्षी पुन्हा माती. थर साचत जातो, तुळया वाकतात, आणि भूकंपात हेच ओझं भिंती फाडतं. थर वाढला की जुनी माती खरवडून काढूनच नवी घालायला हवी. 19 जानेवारी 1975 च्या किन्नौर भूकंपाने ताबोलाही मोठा हादरा दिला होता.

सर्वांत घातक उपाय म्हणजे सिमेंट. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. वरून सिमेंटचा गिलावा दिला की बाहेर पडायची वाट बंद होते, पाणी आत कोंडतं, आणि बाहेरून ठणठणीत दिसणारी भिंत पायाशी पिठासारखी भुसभुशीत होते. खोऱ्यातली जुनी घरं यानेच जात आहेत, याचं फार वाईट वाटतं. मातीला मातीचाच गिलावा द्यावा.

प्रश्न : स्पितीवर राज्य कोणाचं होतं?

बहुतेक काळ दूरच्या कोणाचं तरी. दहाव्या शतकात न्यिमागोनने पश्चिम तिबेटात राज्य उभारलं. त्याच्या तीन मुलांच्या वाटणीत स्पिती आणि झांस्कर धाकट्याकडे गेले. पुढे गुगे, मग 1630 च्या सुमारास गुगे जिंकणाऱ्या सेंगे नामग्यालचं लडाख, 1840 च्या दशकात जम्मूच्या डोगरा फौजांची लूट, आणि 1846 मध्ये इंग्रज. स्थानिक कारभार मात्र ‘नोनो’ या वंशपरंपरागत प्रमुखाकडेच राहिला. 1873 च्या स्पिती रेग्युलेशनने त्याला महसूल गोळा करायचा आणि खून सोडून बाकी गुन्ह्यांत शिक्षा द्यायचा अधिकार दिला. लाहौल-स्पिती जिल्हा 1960 मध्ये पंजाबात झाला, 1966 मध्ये हिमाचलात आला.

प्रश्न : तिथे फक्त थोरल्या मुलाला जमीन मिळायची, हे खरं का? मग बाकीच्यांचं काय?

खरं आहे. थोरल्याचं लग्न झालं की मोठं घर, ‘खांगचेन’, आणि शेत त्याचं. आईवडील ‘खांगचुंग’ या धाकट्या घरात जायचे. धाकटे भाऊ मठात. थोरला निपुत्रिक वारला तर लामा झालेला भाऊ परत संसारात येऊ शकत असे. यामागे पाणी आहे. शेत पिकतं ते हिमनदीच्या ओढ्यावरून काढलेल्या कूलच्या, म्हणजे पाटाच्या, पाण्यावर. पाणी वाढत नाही, म्हणून शेतही वाढत नाही. पिढीगणिक तुकडे पडले असते तर एकाही घराचं जव वर्षभर पुरलं नसतं.

प्रश्न : पुढच्या उन्हाळ्यात जायचंय. हे सगळं नीट पाहण्यासाठी काय करावं? (पुणे)

शिमला-किन्नौरकडून चढा, मनालीकडून नको. किन्नौरच्या वाटेने उंची टप्प्याटप्प्याने वाढते. ताबो सुमारे 3,280 मीटरवर, स्पितीचं मुख्य गाव काझा 3,650 च्या आसपास. मनालीहून एकाच दिवसात साडेचार हजार मीटरच्या कुंझुम खिंडीतून उतरलात, तर डोकेदुखी-मळमळीत ताबोचा दिवस वाया जाईल. शिवाय ती खिंड साधारण जून ते ऑक्टोबरच उघडी असते.

मुख्य मंदिरात फोटो काढायला मनाई आहे. आत शिरताच काही दिसत नाही. दहा मिनिटं शांत उभे राहा, मग डोक्याच्या वर, भिंतीतून पुढे आलेल्या मातीच्या मूर्तींची रांग हळूहळू उजळते. त्यांच्या खालच्या पट्ट्यात सुधन नावाच्या तरुणाची ज्ञानाच्या शोधातली यात्रा आणि बुद्धचरित्र आहे. भिंतीला टेकू नका, पाठीवरची पिशवी बाहेर ठेवा. सुटलेला पोपडा पिशवीच्या पट्ट्यानेही पडतो, आणि पडलेला पुन्हा लागत नाही.