कार्टिंगच्या ट्रॅकवरची आपली मुले : वाचकांचे प्रश्न

मोटार शर्यतींविषयी, त्यातही कार्टिंगविषयी, आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या वेळी उत्तरांसाठी निवडले आहेत.

प्रश्न : कोल्हापूरच्या मुलांनी राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेत यश मिळवल्याच्या बातम्या अधूनमधून वाचनात येतात. महामार्गालगतच्या करमणूक केंद्रांत पैसे भरून आपण ज्या छोट्या गाड्या चालवतो, त्यांच्याच या शर्यती का? आणि मुंबई-पुणे सोडून कोल्हापुरातच हा खेळ कसा रुजला?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : गाडीचा आकार सारखा दिसतो, परंतु साम्य जवळजवळ तेथेच संपते. करमणूक केंद्रातील कार्टला बहुधा फोर-स्ट्रोक इंजिन असते, त्याची ताकद सहा ते नऊ अश्वशक्तीच्या आसपास असते आणि धक्के सोसता यावेत म्हणून गाडी जड व दणकट बनवलेली असते. भारतातील राष्ट्रीय स्पर्धा दीर्घकाळ ज्या रोटॅक्स मॅक्स प्रकारात (रोटॅक्स कंपनीच्या ठरावीक इंजिनांच्या स्पर्धाप्रकारात) होत आल्या, त्यातील वरिष्ठ गटाच्या कार्टला १२५ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन असते. ते सुमारे ३० अश्वशक्ती देते आणि मिनिटाला १० हजारांहून कितीतरी अधिक फेरे घेते. चालक धरूनही त्या गाडीचे वजन पावणेदोनशे किलोंच्या आत राहते. चालकाची बैठक जमिनीपासून काही सेंटिमीटरवर असते, गाडीला छत नसते, दारे नसतात आणि स्प्रिंग किंवा शॉक अॅब्सॉर्बरही नसतात. नळ्यांची चेसिस स्वतः लवते, तेच तिचे सस्पेन्शन.

या गाडीची खरी ओळख वळणावर होते. आपल्या मोटारीत डिफरन्शियल असल्याने वळताना आतले चाक हळू आणि बाहेरचे चाक वेगाने फिरू शकते. कार्टचा मागचा आस मात्र अखंड असतो, त्यामुळे मागची दोन्ही चाके एकाच वेगाने फिरतात. आतल्या चाकाला कमी अंतर कापायचे असूनही तेवढेच फिरावे लागते, ते रस्त्यावर घासते आणि गाडी वळायला नकार देते. म्हणून पुढच्या चाकांची ठेवणच अशी केलेली असते की स्टिअरिंग फिरवताच आतल्या बाजूचे मागचे चाक जमिनीपासून किंचित उचलले जावे. ते नेमके केव्हा उचलायचे, किती वेळ वर ठेवायचे आणि वळण संपताना केव्हा टेकवायचे, हे चालकाचे हात, खांदे आणि ब्रेकवरचा पाय ठरवतात. चाक उशिरा टेकले तर वळणातून बाहेर पडताना इंजिनाची ताकद वाया जाते, आणि तेवढ्यात मागचा स्पर्धक आतल्या बाजूने पुढे निघून जातो. अकरा-बारा वर्षांची मुले हे प्रत्येक लॅपमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या प्रत्येक चकरेत, प्रत्येक वळणावर करत असतात.

आता कोल्हापूरविषयी. एखाद्या गावात खेळ रुजण्यासाठी मैदान लागते आणि कोल्हापूरला ते मिळाले. मोहिते रेसिंग अकादमीचा ट्रॅक तेथे उभा राहिला आणि राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्याही त्यावर झाल्या. दक्षिणेतील स्पर्धकांना कोइम्बतूर, चेन्नई, बंगळूर येथील ट्रॅक जवळ होते, महाराष्ट्रातील मुलांना मात्र सरावासाठीसुद्धा तिकडे जावे लागत असे. घराजवळच ट्रॅक झाल्यावर शाळा सुटल्यानंतर सराव करणे शक्य झाले. ध्रुव मोहिते, चित्तेश मंडोडी यांसारखी कोल्हापूरची नावे राष्ट्रीय शर्यतींच्या निकालांत दिसू लागली आणि याच शहरातील कृष्णराज महाडिक ब्रिटनमधील फॉर्म्युला ३ मालिकेपर्यंत गेला. (फॉर्म्युला ४, ३, २ या फॉर्म्युला वनकडे नेणाऱ्या शिडीच्या चढत्या पायऱ्या.) यात मला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या भागांत फौंड्री आणि मशीन शॉपचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. आस सरळ करणे, ब्रॅकेट नव्याने बनवणे, स्प्रॉकेटचे, म्हणजे साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे, दात पाहूनच त्याची झीज ओळखणे हे त्या वस्तीत रोजचे काम आहे. शर्यतीच्या आदल्या रात्री काही मोडले तर हे हात उपयोगी पडतात. ट्रॅकवर पैसा ओतणारी शहरे आणखी असतील, परंतु यंत्राची अशी जवळीक असलेली शहरे थोडी आहेत.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि तिला कार्टिंग शिकायचे आहे. या गाड्यांना सीट बेल्टही नसतो असे समजले, त्यामुळे मन धजावत नाही. हा खेळ मुलांसाठी सुरक्षित आहे का आणि सुरुवात कशी करावी?
— एक पालक, पुणे

उत्तर : आपली काळजी योग्य आहे, म्हणून आधी बेल्टविषयी लिहिते. शर्यतीच्या कार्टला बेल्ट नसतो तो हलगर्जीपणामुळे नव्हे. बेल्टचा उपयोग चालकाभोवती मजबूत सांगाडा असेल तरच होतो. कार्टला तसा सांगाडा नसल्याने गाडी उलटली आणि चालक तिला बांधलेला असला, तर तो गाडीखाली सापडेल. त्यापेक्षा त्याने गाडीपासून सुटून बाजूला पडणे कमी धोक्याचे ठरते. त्यामुळे संरक्षणाची सारी भिस्त अंगावरच्या साधनांवर असते. पूर्ण चेहरा झाकणारे मापाचे हेल्मेट, घर्षणाने न फाटणारा सूट, हातमोजे, घोटा झाकणारे बूट, मानेचे पॅड आणि बरगड्यांचे कवच यांतील एकही वस्तू पुढच्या वर्षी घेऊ म्हणून टाळू नये. बरगड्यांचे कवच विशेष आवश्यक आहे, कारण वळणावर शरीराचा सारा भार सीटच्या कडेवर येतो आणि लहान मुलांच्या बरगड्या दुखावतात. मोकळे केस आणि ओढणी यांबाबत तर अतिशय कडक राहावे. करमणुकीच्या कार्टमध्ये मागच्या आसात केस अडकून आपल्या देशात प्राणघातक अपघात घडलेले आहेत, आणि ते ट्रॅक चालवणाऱ्यांनी थोडी शिस्त पाळली असती तर टळले असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुवातीला गाडी विकत घेऊ नये. अकादमीची कार्ट घेऊन काही महिने शिकवणी घ्यावी. मुलीला वेगाची भीती वाटते का, हे पाहण्यापेक्षा तिला तोच ट्रॅक पुन्हा पुन्हा फिरण्याचा कंटाळा येतो का, हे पाहावे. ज्याला कंटाळा येत नाही तोच या खेळात टिकतो. नऊ वर्षांचे मूल मायक्रो मॅक्स या लहान मुलांच्या गटात बसते. त्यानंतर मिनी, ज्युनिअर आणि सीनिअर असे गट आहेत आणि वयाच्या पंधराव्या वर्षापासून फॉर्म्युला ४ गाडी चालवता येते. स्पर्धेत उतरायचे झाल्यास एफएमएससीआय, म्हणजे देशातील मोटार क्रीडा क्लबांच्या महासंघाचा परवाना काढावा लागतो. मुलगी आहे म्हणून वेगळा गट नसतो, ती मुलांबरोबरच स्पर्धा करते. मुंबईत वाढलेल्या आणि व्यवसायाने वैमानिक असलेल्या स्नेहा शर्मा कार्टिंगमधूनच फॉर्म्युला ४ पर्यंत पोहोचल्या, बडोद्याची मीरा एर्डा लहान वयात कार्टमध्ये बसली आणि काश्मिरी वंशाची अतिका मीर आज परदेशातील कार्टिंग स्पर्धांत भारताचे नाव लावते आहे.

प्रश्न : हा श्रीमंतांच्या मुलांचा छंद आहे, खेळ नव्हे, असे आमच्या घरी मत पडले. गाडी चांगली असेल तर कोणीही जिंकेल. आपले काय म्हणणे आहे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : पहिल्या अर्ध्या भागाशी मी सहमत आहे. हा खेळ महाग आहे. प्रत्येक फेरीसाठी नवे टायर, इंधन, प्रवेश शुल्क, मेकॅनिकचा मेहनताना, प्रवास आणि मोडतोड धरली तर राष्ट्रीय पातळीवरचा एक हंगाम लाखांच्या घरात जातो आणि युरोपात गेल्यावर तो आकडा सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर जातो. गुणी मुले या एकाच कारणाने मागे राहतात आणि हे दुःख लपवण्यात काही अर्थ नाही. २०११ मध्ये फॉर्म्युला वनमधील तेव्हाच्या फोर्स इंडिया संघाने देशभरातून कार्टचालक निवडण्याचा उपक्रम राबवला आणि त्यातून मुंबईचा जेहान दारूवाला पुढे आला. रायोमंद बानाजी या मुंबईच्याच माजी राष्ट्रीय विजेत्याचे मार्गदर्शन त्याला मिळाले होते. डिसेंबर २०२० मध्ये बहरीनच्या साखिर ट्रॅकवर तो फॉर्म्युला २ मालिकेत शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला, पुढे इटलीतील मोंझा येथेही जिंकला. अशा निवडी दरवर्षी झाल्या असत्या तर आणखी किती नावे घेता आली असती, हा विचार मला अस्वस्थ करतो.

मात्र गाडीच जिंकते, हे म्हणणे कार्टिंगला तरी लागू पडत नाही. रोटॅक्सच्या स्पर्धेत इंजिनांना सील ठोकलेले असते, त्यामुळे ती उघडून ताकद वाढवता येत नाही. सगळ्यांचे टायर एकाच बनावटीचे असतात. चालकासह गाडीचे किमान वजन ठरलेले असते. हलक्या मुलाच्या सीटला शिशाच्या पट्ट्या बोल्टने जखडतात आणि शर्यत संपताच चालकाला हेल्मेटसह थेट वजनकाट्यावर नेतात. थोडेसे वजन कमी भरले तरी निकाल रद्द होतो. मग उरते काय? टायरमध्ये हवा किती ठेवायची, सकाळच्या गार हवेत कार्ब्युरेटरला कोणता जेट (इंधनाचे प्रमाण ठरवणारे बारीक छिद्र) लावायचा आणि दुपारी हवा तापून विरळ झाल्यावर तो बदलून लहान केव्हा करायचा, मागचा स्प्रॉकेट किती दातांचा घ्यायचा, एवढेच. हे ठरते ते ट्रॅकवरून आलेल्या मुलाच्या सांगण्यावरून. ‘गाडी चालत नाही’ एवढेच सांगणारा मुलगा मागे पडतो. ‘तिसऱ्या वळणात शिरताना पुढची चाके सरकतात, पण बाहेर पडताना ठीक आहे’ असे सांगणारा मुलगा मेकॅनिकच्या हातात उत्तर देतो. शिवाय पॉवर स्टिअरिंग नसलेली गाडी सलग पंधरा-वीस मिनिटे अशी चालवल्यावर मनगटे आणि मान यांची काय अवस्था होते, हे एकदा अनुभवलेला माणूस याला खेळ म्हणायला कचरत नाही. भारत सरकारनेही २०१९ मध्ये रॅलीचालक गौरव गिल यांना अर्जुन पुरस्कार देऊन ही मान्यता दिली आहे.

प्रश्न : २०११ साली दिल्लीजवळ फॉर्म्युला वन शर्यत झाली तेव्हा सर्वत्र उत्साह होता. मग तो कोठे गेला? आपल्या भागातील कार्ट शर्यतींना प्रेक्षक का नसतात?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : हा प्रश्न मला सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ मध्ये जवळपास लाखभर प्रेक्षक आले होते. २०१२ आणि २०१३ मध्येही शर्यत झाली, तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला आणि करांच्या वादात ही शर्यत वेळापत्रकातून गेली ती गेलीच. हैदराबादच्या रस्त्यांवर फेब्रुवारी २०२३ मध्ये विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई शर्यत झाली, तीही एकदाच. अशा प्रत्येक वेळी उत्साहाची मोठी लाट आली आणि ओसरली, कारण लोकांना दाखवले गेले ते परदेशी संघ आणि परदेशी चालक. ज्या शिडीवरून चालक तेथवर चढतो, तिची खालची पायरी कोणी दाखवलीच नाही. नारायण कार्तिकेयन हा भारतीय चालक २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरला तेव्हाही आपण त्याचे नाव शिकलो, त्याच्या मागून येणाऱ्यांची नावे शिकलो नाही.

लोकांना वेगाची वा स्पर्धेची आवड नाही, असे मुळीच नाही. सांगली-सातारा-पुण्याकडच्या बैलगाडा शर्यतींना भर उन्हात हजारो माणसे उभी असतात आणि त्यांतील बहुतेकांना बैलाचे नाव, मालकाचे गाव आणि मागच्या मैदानात तो कितव्या क्रमांकावर आला हे तोंडपाठ असते. ही आवड माहितीतून आणि सातत्यातून तयार झालेली आहे. कार्टिंगच्या बाबतीत आपल्या वृत्तपत्रांत ‘कोल्हापूरच्या युवकाची बाजी’ अशा मथळ्याखाली करंडक हातात घेतलेले छायाचित्र येते. शर्यत कोणत्या गटाची होती, तो कितव्या स्थानावरून सुटला, दुसरा किती मागे होता, पुढची फेरी कोठे आहे, यांपैकी काहीच येत नाही. अशा बातमीने वाचक अभिमान बाळगतो, पण तो पुढच्या फेरीला जात नाही. त्या मुलाच्या शहराचे नाव छापता तसे त्याचे पुढील वेळापत्रकही छापा, अशी माझी माझ्या व्यवसायबंधूंना कळकळीची विनंती आहे. आयोजकांचीही जबाबदारी मोठी आहे. फेरीच्या दिवशी आसपासच्या शाळांतील मुलांना बोलवावे, सावली आणि पिण्याचे पाणी यांची सोय करावी आणि ध्वनिक्षेपकावरून मराठीत समालोचन करावे. समालोचन नसेल तर नवख्या प्रेक्षकाला एकामागून एक फिरणाऱ्या गाड्यांपलीकडे काही दिसत नाही.

आणखी एक गोष्ट. आपल्या मुलाचे यश मोजताना ‘हा फॉर्म्युला वनमध्ये कधी जाणार’ हा प्रश्न कृपया थांबवावा. तेथे जगभरातून वीस-बावीस जागा असतात. राष्ट्रीय कार्टिंग जिंकणे हे स्वतःच एक पूर्ण यश आहे आणि ज्याने ते मिळवले त्याचे त्या दिवशी त्यासाठीच कौतुक व्हावे.

प्रश्न : कार्टची शर्यत प्रथमच पाहायला जाणार आहोत. कोठे उभे राहावे आणि काय पाहावे?
— एक कुटुंब, सांगली

उत्तर : सरळ पट्ट्यापाशी उभे राहू नका. तेथे वेग दिसतो, शर्यत दिसत नाही. लांब पट्ट्याच्या शेवटी जे सर्वांत अरुंद वळण असेल, त्याच्या बाहेरच्या बाजूला, कुंपणामागे उभे राहा, कारण ब्रेक लावून पुढे जाण्याचे प्रयत्न तेथेच होतात. घाईने सकाळचा सराव चुकवू नका. कोणत्या मुलाचा लॅप टाइम, म्हणजे ट्रॅकच्या एका चकरेला लागणारा वेळ, दर वेळी जवळपास सारखा येतो, याची तेव्हा कागदावर नोंद ठेवा. एखादाच लॅप फार वेगाने मारणाऱ्यापेक्षा सातत्य असलेला चालक अंतिम शर्यतीत बहुधा पुढे असतो. परवानगी असेल तर दोन शर्यतींच्या मध्ये पिटमध्ये, म्हणजे गाड्यांची डागडुजी चालते त्या जागेत, जाऊन टायर पाहा. चालकाशी मात्र वजनकाटा झाल्यावरच बोला, त्याआधी त्याला हात लावण्याचीही मुभा नसते. लहान मुलांसाठी कानात घालायचे बोळे आणि सर्वांसाठी टोप्या सोबत असू द्या.