शीड नंतर, आधी बूम

सौरशीड म्हणजे सूर्यप्रकाशाच्या दाबावर यान ढकलणारं पातळ शीड. उन्हानं ते कसं वाकतं याचं मॉडेल करायचंय, तर पहिल्याच दिवशी अख्ख्या शिडाचं करायला बसू नका. शीड बाजूला ठेवा, एकच बूम, म्हणजे शीड ताणून धरणारा लांब दांडा, घ्या.

बूम किती तापतो यापेक्षा त्याच्या उन्हाकडच्या आणि सावलीकडच्या बाजूंत किती फरक पडतो ते बघा, कारण त्याला वाकवतो तो फरक. वक्रता म्हणजे प्रसरणांक (एक अंश तापल्यावर पदार्थ लांबीच्या किती भागाने वाढतो तो आकडा) गुणिले हा फरक, भागिले जाडी. टोक किती सरकतं? वक्रता गुणिले लांबीचा वर्ग, भागिले दोन. कार्बन फायबरचा 7 मीटरचा बूम, जाडी 5 सेंमी, फरक 50 अंश आणि प्रसरणांक अंशाला दशलक्षात 1 धरा: टोक साधारण अडीच सेंमी सरकतं. लांबी दुप्पट केलीत की थेट चौपट! हे आधी कागदावर करा.

नवखे हमखास इथे फसतात:
- सगळ्या बूमला एकच सरासरी तापमान देणं. मीही दिलं होतं. बूम नुसता लांबायचा, वाकायचं नाव नाही.
- शिडाची बूमवर पडणारी सावली विसरणं.
- पृथ्वीच्या सावलीतून बाहेर पडतानाचा क्षण गाळणं. हबल दुर्बिणीचे मूळचे सौरपंख नेमके अशाच वेळी थरथरायचे. 1993 मध्ये ते बदलावे लागले.

सुरकुत्या, कंपनं वगैरे सध्या नकोच. कागदावरचं उत्तर आणि मॉडेल जुळलं की आकडे दाखवा, मग पुढचं बघू.