पूर्ण ड्रॉइंग दाखव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

पंपाचं केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, एका फाउंड्रीला, म्हणजे ओतशाळेला, आतलं फिरणारं चाक, म्हणजे इंपेलर, दुसरीला, ब्रॅकेट तिसरीला, आणि सगळे भाग जोडलेली असेंब्ली कुणालाच दाखवली नाही, असं काल तू मोठ्या अभिमानाने सांगितलंस. वर विचारलंस, नमुने सारखे रिजेक्ट का होतात?

पूर्ण ड्रॉइंग दाखव. ग्रे आयर्न, म्हणजे आपलं बीड, थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, तेवढा पॅटर्न, म्हणजे साचा ज्यावर घडवतात तो नमुना, ओतकाम करणारा कारागीर मोठा करतोच. पण कुठला फेस मशिनवर जाणार, कुठली भिंत पातळ चालेल, पाण्याचा दाब कुठे येणार, हे तू लपवलंस तर त्याने काय करायचं? कोपऱ्याला रेडियस, म्हणजे गोलाई, दे, तडा जाणार नाही, असं सांगणारा तोच असतो. तुमचं ते इनोव्हेशन म्हणजे हेच रे! ते फक्त लॅबमधून येतं, असं तुला कुणी शिकवलं?

कोल्हापूरची ऑइल इंजिनं अशीच घडली. उद्यमनगरात ओतकाम एकाकडे, टर्निंग शेजारी, ग्राइंडिंग पलीकडच्या गल्लीत. नदीकाठच्या शेतकऱ्याची तक्रार आली की सगळ्यांच्या कानावर जायची. पुढे खेडोपाडी वीज आली, इलेक्ट्रिक पंप आले, इंजिनांची मागणी आटली. तरी इथल्या फाउंड्र्या मोटारींच्या कास्टिंगकडे वळून उभ्या राहिल्या, कारण एकमेकांना विचारायची सवय होती. काही चांगले कारागीर दार लावून एकटेच झगडले आणि संपले. त्यांना कुणी वेळेवर बाहेर ओढलं नाही, ही सल माझ्या मनातून जात नाही.

कॉपी झाली तर, म्हणतोस? माझीही झाली. एका ग्राहकाने माझं डिझाइन उचलून दुसरीकडून माल करून घेतला. लोक मला भोळा म्हणाले. पण माझी भट्टी बंद पडली तेव्हा शेजारच्या फाउंड्रीने माझे पॅटर्न नेऊन माल ओतून दिला, कागदपत्रं नंतर. त्याला माझा प्रत्येक जॉब ठाऊक होता, म्हणूनच ते जमलं. मी भोळा नव्हतो. आजही तेच करीन. पूर्ण ड्रॉइंग दाखवीन.

आणि विश्वास तोंडाने मागू नकोस, जॉबवाल्याचं बिल दे. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्यात बिल चुकवायला जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत आहे. तू तेवढीही वाट बघू नकोस. त्याला दर आठवड्याला मजुरी वाटायची असते. ज्याला तू झुलवत ठेवशील, तो तुझ्या ड्रॉइंगमधली चूक दिसली तरी गप्प बसेल.

उद्या असेंब्लीचं ड्रॉइंग घेऊन तिघांना एकत्र बसव. तू कमी बोल. जमणार नसेल तर फोन कर, मी येतो.